स्पॅनिश लेखन आणि अनुवादाची परीक्षा : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपले लेखन आणि अनुवाद अधिकृतपणे तपासून घ्यायचा असेल, तर अर्ज भरण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जगभर मान्यता असलेल्या ‘देले’ परीक्षेत लेखन कसून तपासले जाते, पण अनुवादाचा प्रश्न त्यात नसतो. अनुवादाचे गुण हवे असतील, तर ते देणारी परीक्षा वेगळी निवडावी लागते.

‘देले’ची प्रमाणपत्रे स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस ही संस्था देते. परीक्षेच्या ए१ (सर्वांत खालची) ते सी२ (सर्वांत वरची) अशा सहा पातळ्या आहेत आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. ज्या देशाची अधिकृत भाषा स्पॅनिश नाही, अशा कोणत्याही देशाच्या नागरिकाला ही परीक्षा देता येते. खालची पातळी आधी उत्तीर्ण असण्याची अट नाही, त्यामुळे तयारी असल्यास थेट बी२ साठीही अर्ज करता येतो. शालेय विद्यार्थ्यांसाठी ए१ ची आणि ए२-बी१ ची एकत्रित अशा स्वतंत्र परीक्षा आहेत. यांपैकी दुसरीत मिळालेल्या गुणांवरून पातळी ठरते.

अर्ज संस्थेच्या परीक्षा-संकेतस्थळावर खाते उघडून करावा लागतो. तेथे पातळी, परीक्षेची फेरी आणि केंद्र निवडून शुल्क भरायचे असते, आणि हे शुल्क देशानुसार व पातळीनुसार बदलते. कागदपत्रांमध्ये महत्त्वाचे एकच, ते म्हणजे छायाचित्र असलेले वैध ओळखपत्र. त्यावर नाव, जन्मतारीख, जन्मस्थान आणि नागरिकत्व स्पष्ट असावे लागते, म्हणून पासपोर्ट सर्वांत सोयीचा. स्पॅनिश माणसाला सहसा दोन आडनावे असतात, त्यामुळे अर्जात पहिल्या आणि दुसऱ्या आडनावासाठी वेगवेगळे रकाने दिसतात. मधले नाव असलेल्या उमेदवाराने ते घाईघाईने कोणत्या तरी रकान्यात टाकू नये. पासपोर्टवर नाव आणि आडनाव ज्या रीतीने विभागले आहे, त्याच रीतीने ते अर्जात भरावे, कारण प्रमाणपत्रावर हेच नाव उमटते. परीक्षेच्या दिवशी मूळ ओळखपत्र आणि नोंदणीची पावती जवळ हवी. अपंगत्वामुळे विशेष सोय हवी असेल, तर ती नोंदणीच्या वेळीच मागावी.

आता लेखनाच्या चाचणीकडे वळू. बी१ ला दोन प्रश्नांसाठी ६० मिनिटे मिळतात, तर बी२ ला ८०. बी२ च्या पहिल्या प्रश्नात ध्वनिफीत ऐकून औपचारिक पत्र लिहायचे असते, म्हणजे नुसते लिहिता येणे तेथे पुरत नाही. सी२ ला तर वाचन, श्रवण आणि लेखन एकाच चाचणीत गुंफलेले असते आणि तिला १५० मिनिटे दिली जातात. तपासनीस चार बाजू पाहतात : लेखनप्रकाराला साजेशी मांडणी, सुसंगती, भाषेची अचूकता आणि शब्दसंपत्तीचा आवाका. पत्राच्या मायन्यात ‘एस्तिमादो सेन्योर’ (‘माननीय महोदय’) लिहून पुढे स्वल्पविराम दिला, तर तो दोष ठरतो, कारण स्पॅनिशमध्ये तेथे अपूर्णविराम लागतो. तसेच ‘उस्तेद’ने, म्हणजे आदरार्थी संबोधनाने, सुरू केलेल्या पत्रात मध्येच सलगीचा ‘तू’ येता कामा नये. आपल्याकडे ‘आपण’ने सुरू झालेले पत्र ‘तुला’वर घसरले, तर कानाला जसे खटकते, अगदी तसेच ते तेथेही खटकते. एका ठिकाणी मात्र मराठी फार मदतीला येते. ‘मला पुस्तके आवडतात’ आणि ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद पुस्तकांप्रमाणे बदलते, माणसाप्रमाणे नाही. इंग्रजीवरून स्पॅनिश रचणाऱ्याची येथे हमखास चूक होते, म्हणून विद्यार्थ्यांनी हे वाक्य मराठीच्या वाटेनेच शिकावे, असे मला मनापासून वाटते.

उत्तीर्णतेचा नियम बारकाईने वाचावा. ए१ ते सी१ या पातळ्यांमध्ये चार चाचण्यांचे दोन गट असतात आणि लेखन हे वाचनाबरोबर एका गटात मोजले जाते. प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० गुण हवेत, आणि तेही एकाच फेरीत. एका गटात उत्तम गुण मिळाले म्हणून दुसऱ्यातली उणीव भरून निघत नाही, आणि मिळालेले गुण पुढच्या फेरीसाठी राखूनही ठेवता येत नाहीत. निकाल ‘आप्तो’ (उत्तीर्ण) किंवा ‘नो आप्तो’ (अनुत्तीर्ण) असाच लागतो, आणि तो मान्य नसेल तर ठरलेल्या मुदतीत फेरतपासणीचा अर्ज करता येतो.

अनुवादासाठी इंग्लंडमधील एक्यूए या परीक्षा मंडळाची ए-लेव्हल, म्हणजे तेथील शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्याची, स्पॅनिश परीक्षा पाहावी. तिच्या पहिल्या, अडीच तासांच्या प्रश्नपत्रिकेत किमान १०० शब्दांचा उतारा इंग्रजीत आणि तेवढाच दुसरा स्पॅनिशमध्ये उतरवायचा असतो. दोन्हींना प्रत्येकी १० गुण असतात आणि शब्दकोश वापरता येत नाही. दुसरी प्रश्नपत्रिका पूर्णपणे लेखनाची, दोन तासांची असते आणि ती साहित्यकृतीवर व चित्रपटावर किंवा दोन साहित्यकृतींवर बेतलेली असते. शाळेबाहेरून बसणाऱ्या उमेदवाराने मंडळाकडे थेट अर्ज करायचा नसतो. अशा उमेदवारांना स्वीकारणारे परीक्षा केंद्र आधी शोधावे लागते, त्याच्याकडे छायाचित्र असलेले ओळखपत्र द्यावे लागते, आणि यापूर्वी इंग्लंडच्या मंडळांची परीक्षा दिली असल्यास तेव्हा मिळालेला उमेदवार क्रमांकही कळवावा लागतो. तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या ३० टक्के वाटा असल्यामुळे, ती घेण्याची सोय त्या केंद्रात आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.