बेस गिटारचा जुना साज आला कुठून?

धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत बेस गिटार बघायला येणारी तरुण मंडळी हल्ली आवाजाआधी रूप बघतात. कासवाच्या पाठीसारखं लालसर पिकगार्ड (बॉडीला ओरखडे पडू नयेत म्हणून तारांखाली बसवलेला पातळ पत्रा), मधाच्या रंगावर गेलेली नेक (गिटारची लांब मान), कडेला काळपट होत जाणारं सनबर्स्ट रंगकाम, क्रोमची दोन झाकणं. या सगळ्याला ‘व्हिंटेज लुक’ म्हणतात आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजायलाही तयार असतात. गंमत अशी की यातलं बरंचसं शोभेसाठी केलेलंच नव्हतं. काही सोयीसाठी होतं, काही काटकसरीसाठी, आणि काही तर साफ चुकलेल्या अंदाजातून आलं.

लिओ फेंडर हा मूळचा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. 1951 साली त्याने आपल्या फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्याचं रूप अगदीच साधं होतं: फिकट पिवळसर बॉडी, काळं पिकगार्ड आणि अखंड मेपलची नेक. नेकच्या पाठीवरून जाणारी गडद पट्टी आज लोक कौतुकाने फोटोत दाखवतात. नेक अखंड असल्यामुळे आतली लोखंडी सळई मागून खाच पाडूनच घालावी लागायची, आणि ती खाच अक्रोडाच्या लाकडाने बुजवायची. ती पट्टी म्हणजे हे बुजवकाम. पुढे 1959 च्या सुमारास वर रोझवूडची वेगळी फिंगरबोर्ड (तारा दाबायची फळी) आली, सळई पुढून घालता यायला लागली आणि पट्टी गेली.

क्रोमच्या झाकणांची कथा मला सगळ्यात आवडते. पिकअपवरचं, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागावरचं झाकण बाहेरची विजेची गुणगुण अडवायला होतं. ब्रिजवरच्या, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या भागावरच्या झाकणाच्या आत फोमचा तुकडा चिकटवलेला असायचा. तो तारांना हलकेच दाबायचा, म्हणजे स्वर लांबत न जाता उभ्या, मोठ्या डबल बेससारखा ठप्पकन विझायचा. शिवाय तारांच्या खालच्या अंगाला लाकडाचा छोटा दांडा स्क्रूने बसवलेला असे. वादक बोटांनी हा दांडा धरेल आणि अंगठ्याने तारा छेडेल, असा फेंडरचा हिशेब. वादकांनी तो हिशेब पार उलटा केला. त्यांनी अंगठा टेकवला आणि बोटांनी वाजवायला सुरुवात केली. झाकणं हाताच्या आड येतात म्हणून काढून टाकली. ब्रिजच्या झाकणाला तर ‘अ‍ॅशट्रे’ हेच नाव पडलं, कारण काढल्यावर बऱ्याचदा त्याचा उपयोग तोच व्हायचा. दांडा वरच्या बाजूला, अंगठ्याच्या जागी सरकवायला कंपनीला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. झाकणं काढण्याला ठळक अपवाद अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन. त्यांच्या 1962 च्या सनबर्स्ट प्रिसिजनवर झाकणं शेवटपर्यंत होती, खाली फोम होता आणि वर गुळगुळीत फ्लॅटवूंड तारा. आज बिनझाकणाच्या जुन्या बेसवर स्क्रूची रिकामी भोकं दिसली की जाणकार खूश होतात.

मधल्या वर्षांतले बदल भराभर झाले. 1954 मध्ये बॉडीच्या कडा अंगाला बोचू नयेत म्हणून उतरत्या झाल्या आणि दोन रंगांचं सनबर्स्ट आलं. 1957 मध्ये दोन तुकड्यांचं पिकअप, मोठा हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) आणि सोनेरी अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचं पिकगार्ड. हे पिकगार्ड जवळून बघण्यासारखं असतं: जिथे वादकाचा हात घासतो, तिथे सोनेरी थर उडून खालचं पांढुरकं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं. पुढच्या वर्षी सनबर्स्टमध्ये लाल रंग मिसळला. सुरुवातीचा तो लाल उन्हाने उडायचा, म्हणून त्या काळातले काही तीनरंगी बेस आज दोनरंगी दिसतात.

मग 1959 च्या सुमारास आलं ते ‘टॉर्ट’, म्हणजे कासवछाप पिकगार्ड. (कासवछाप म्हटलं की आपल्याला आधी डासांची अगरबत्तीच आठवते, त्याला इलाज नाही.) हे खऱ्या कासवाचं कवच नव्हे, त्याची सेल्युलॉइडमधली नक्कल. चष्म्याच्या फ्रेमी आणि फण्या याच मालाच्या बनत. जुनी नायट्रेट फिल्मही याच कुळातली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळातली. हा माल पेट चटकन घेतो. 2003 मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग अनेकांना आठवत असेल. पिकगार्ड काही आपोआप पेटत नाही, पण वर्षानुवर्षं आकसत जातं. स्क्रूभोवती तडे जातात, कड वर उचलली जाते, आतून निघणारी वाफ शेजारच्या धातूला गंज चढवते. त्यातली लाल-तपकिरी झाक मात्र अजब खोल असते. उजेडात तिरपं धरलं की एकावर एक थर असल्यासारखे ढग दिसतात. छापील प्लास्टिकच्या नकलेत ही खोली येत नाही, आणि माझ्या मते नव्या बेसचं सोंग सगळ्यात आधी इथेच उघडं पडतं.

रंगांची कथा मोटारींची आहे. पाच टक्के जादा दिले की फेंडर हवा तो ‘कस्टम’ रंग मारून द्यायचा, आणि हे रंग होते ड्यूपाँ कंपनीचे मोटारींचे: ड्युको आणि ल्यूसाइट. आपल्याकडे पेंटर कपाटाला ‘ड्युको मारू का?’ असं विचारतो, तोच हा ड्युको. फिएस्टा रेड फोर्ड थंडरबर्डवरचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकवरचा. वरून मारलेला नायट्रोसेल्युलोजचा पारदर्शक थर काळानुसार पिवळा पडतो. म्हणून जुना पांढरा आज सायीसारखा दिसतो आणि निळा हिरवटाकडे झुकतो. लोक ज्या छटेवर जीव टाकतात, ती कारखान्यातून कधी बाहेर पडलीच नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस जाड पॉलिएस्टरचा थर आला, तो टिकाऊ होता. तो जवळजवळ कुणालाच आवडत नाही.

फेंडरचाच 1960 चा जॅझ बेस मात्र पहिल्यापासून नटून आला. कंबर तिरकी, नॉबवर नॉब चढवलेले, कस्टम रंग असेल तर बहुतेकदा हेडस्टॉकही त्याच रंगात. 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि लगोलग नेकला कडेची पट्टी आणि ठिपक्यांच्या जागी मोत्यासारखे चौकोन आले. हे शुद्ध नटणं होतं, आणि छान होतं. रिकनबॅकर 4001 आणि हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस हे वेगळं घराणं आहे, त्याबद्दल पुन्हा कधी.

फिंगरबोर्डच्या लाकडात आपलाही वाटा आहे. साठच्या दशकात ब्राझिलियन रोझवूड मागे पडलं आणि भारतीय आलं, म्हणजे आपलं शिसव. आजोबांच्या शिसवी पलंगाचं आणि जॅझ बेसच्या फिंगरबोर्डचं लाकूड एकच. 2017 मध्ये या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली.

मुंबईत हे रूप जवळून बघायला मिळणं बरीच वर्षं दुर्मीळ होतं. 1991 पर्यंत आयात परवाने आणि जकातीमुळे परदेशी वाद्य सरळ दुकानातून घेणं सोपं नव्हतं. जहाजावर वाजवायला जाणारे, परदेशी नातेवाईक असणारे असेच ते आणत. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात बेसचं रूप कुणाला दिसतच नाही, आर. डी. बर्मन यांच्याकडच्या टोनी वाझ यांचा बेस आपण फक्त ऐकला. वाद्य दिसायचं ते ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर, आणि 1986 पासून रंगभवनात भरणाऱ्या इंडिपेन्डन्स रॉक या रॉक महोत्सवात.

फेंडरने स्वतःच्याच जुन्या मॉडेलांच्या प्रतिकृती काढायला सुरुवात केली 1982 मध्ये. 1995 मध्ये ‘रेलिक’ आले, म्हणजे कारखान्यातच मुद्दाम झिजवलेले, टवके उडवलेले, गंजवलेले. मला हा प्रकार पटत नाही. निदान मुंबईत तरी त्याचे पैसे मोजू नयेत: माहीम-वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढा, क्रोमवर बारीक ठिपके आपोआप उमटतात आणि स्क्रूची डोकी तपकिरी होतात.

हल्लीचे परवडणारे बेस मधल्या मार्गाने जातात. त्यांच्या नेकवरचा नवा थर आपणहून पिवळा पडत नाही, म्हणून तो कारखान्यातच रंग मिसळून मारतात. पिकगार्ड आकसत नाही, तडकतही नाही. दुकानात दोन बेस समोर असतील तर नेक खिडकीजवळ नेऊन बघावी. मिसळलेली पिवळी झाक सगळीकडे एकसारखी असते. खऱ्या जुन्या नेकवर अंगठा फिरतो तिथे थर घासून लाकूड उघडं पडलेलं असतं.