महीच्या खाडीवर भरती बघून जावं

बडोदेकर पक्षीनिरीक्षकांना सवय वढवाण्याची. डभोईजवळचा हा तलाव बडोदा संस्थानाने १९१० मध्ये सिंचनासाठी बांधला, २०२१ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. थंडीत पहाटे तिथे पोचलं की पट्टकादंब आणि बदकं पाण्यावर असतातच. मही नदीच्या मुखाशी, कावी-कंबोईला हा शिरस्ता चालत नाही. भल्या पहाटे जाल आणि समोर नुसतं गढूळ पाणी लाटा मारत असेल.

मही ज्याला मिळते ते खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आत अरुंद आणि उथळ होत जातं. शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून ते वर चढतं. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साधारण पाच मीटर. भावनगरकडे तो दहाच्याही वर जातो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब मुंबईपुरता ठीक आहे. आखातात वरपर्यंत पाणी पोचायला आणखी काही तास लागतात.

ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्ष्यांची पंगत बसते. चिखल्यांचे (प्लोव्हर) डोळे मोठे, चोच आखूड: चार पावलं धावायचं, थबकायचं, वर दिसेल ते टिपायचं. लांब चोचीच्या पाणटिवळ्याचं (गॉडविट) भक्ष्य मात्र चिखलात खोल, न दिसणारं. त्याच्या चोचीच्या टोकाच्या हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब ओळखणारी संवेदी इंद्रियं. नॉट या त्याच्या भाऊबंदावरच्या प्रयोगांत दिसलं, की ओल्या वाळूत चोच खुपसली की आतल्या पाण्यावर दाब येतो. त्या दाबाच्या आड येणारी शिंपली त्याला न शिवताही कळते. शिवाय चोच चिखलात रुतलेली असताना वरच्या चोचीचं फक्त टोक उचलता येतं. सगळी चोच उघडायची तर चिखल बाजूला सारण्यातच दम जायचा!

कोरल (कर्ल्यू) हा पक्षी बघायला मला सगळ्यात मजा येते. बाकदार चोच खेकड्याच्या बिळात जवळजवळ मुळापर्यंत जाते. मग खेकडा बाहेर ओढायचा, झटके देऊन नांग्या-पाय गाळायचे आणि उरलेला गिळायचा. मादीची चोच नरापेक्षा लांब, त्यामुळे ती आणखी खोल पोचते.

दुर्बिणीसाठी चढत्या भरतीचे तास उत्तम. पाणी पक्ष्यांना काठाकडे रेटत आणतं. त्याच वेळी कंबोईच्याच स्तंभेश्वराच्या देवळात पाण्याखाली जाणारं शिवलिंग बघायला गर्दी जमलेली असते; पक्ष्यांकडे बघणारा एखादाच. फोटोसाठी चिखलात उतरण्याचा शहाणपणा मात्र करू नये. पाणी फार झपाट्याने येतं.

पूर्ण भरतीला थवे उंच कोरड्या जागी वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर डुलक्या घेतात. त्यांना आळशी समजू नका. ओहोटी रात्री आली तर ते रात्रीही चरतात, आणि चोचीने चाचपून खाणाऱ्याचं काम अंधारामुळे फारसं अडत नाही.