लांबची जुनी गाडी न बघता घेताय? टोकन टाकायच्या आधी एवढं वाचा

आमच्याकडे येणारे निम्मे फोन साधारण असेच असतात. "दादा दिल्लीत एक डिझेल गाडी बघितलीय, 2016 ची, आपल्याकडे जी साडेपाच-सहाला सांगतात ती तो साडेतीनला देतोय, फोटो एकदम चकाचक आहेत, पण म्हणतो आज टोकन टाका नायतर उद्या जाईल, काय करू?" आमचं पहिलं उत्तर ठरलेलं, जाऊ दे. दिल्लीत तशा गाड्या पैशाला पासरी आहेत, उद्या दुसरी मिळेल.

आमचं काम म्हणजे तुम्ही जी गाडी बघायला जाऊ शकत नाही ती तुमच्या वतीने बघून येणं. गाड्या आम्ही विकत नाही, विकणाऱ्याकडून कमिशन घेत नाही. हे पत्रक अशासाठी की निम्म्या गाड्या तुम्ही घरी बसूनच बाद करू शकता, त्यासाठी आम्हाला फी द्यायची गरज नाही.

तिकडे स्वस्त का असते

बऱ्याच जणांना वाटतं तिकडचे लोक हौशी आहेत, दर चार वर्षांनी गाडी बदलतात. ते थोडंफार खरं, पण मुख्य कारण वेगळंय. दिल्ली-एनसीआरमध्ये (दिल्ली आणि आसपासचा पट्टा) 10 वर्षांवरची डिझेल आणि 15 वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला हरित लवादाने 2014-15 मध्ये बंदी घातली आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. त्यामुळे डिझेल गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की मालकाची झोप उडते आणि भाव कोसळतो. 2025 मध्ये तर जुन्या गाड्यांना 1 जुलैपासून पंपावर तेलच द्यायचं नाही असं ठरलं, दोन-तीन दिवसात ते थांबलं, मग ऑगस्टमध्ये कोर्टाने सक्तीची कारवाई नको म्हणून सांगितलं, आणि नियमाचं हे वरखाली अजून चालूच असतं. म्हणून गाडी दहा वर्षांच्या अगदी काठावर असेल तर एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला) मिळतेय का आणि तुमचं आरटीओ ती गाडी घेतंय का, या दोन्ही गोष्टी त्या आठवड्यात विचारून घ्यायच्या, मावसभावाने तीन वर्षांपूर्वी आणली होती हे उत्तर चालत नाही.

गाडी स्वस्त आहे म्हणून ती खराब असेलच असं मात्र नाही हां. तिकडची हवा कोरडी, त्यामुळे खालचा पत्रा आपल्या कोकणातल्या किंवा मुंबईत समुद्राजवळ उभ्या असणाऱ्या गाडीपेक्षा बहुतेक वेळा चांगला निघतो. बंपरचे चारही कोपरे घासलेले असतात, ते धरूनच चाला.

हिशोब आधी, गाडी नंतर

साडेतीनची गाडी साडेतीनला पडत नाही. महाराष्ट्राचा नंबर घ्यायचा म्हणजे इथला रोड टॅक्स भरायचा. नव्या गाडीला दहा लाखापर्यंत पेट्रोलला 11 टक्के आणि डिझेलला 13 टक्के असा वन टाइम टॅक्स आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो पण शून्य होत नाही, आणि आकडा मूळ किमतीवरून काढतात म्हणून ओरिजिनल इन्व्हॉइस मिळालं तर फार सोपं जातं. तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण ते काम चिकाटीचं, आम्ही हिशोबात ते पैसे धरतच नाही. मग गाडी आणायचा खर्च, इन्शुरन्स, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, एजंट लावला तर त्याची फी, आणि आल्या आल्या टायर, बॅटरी, ऑइल, क्लच यातलं काहीतरी निघणारच. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, त्यापुढे पाच-पाच वर्षांनी वाढवावं लागतं आणि एप्रिल 2022 पासून कारला पहिल्यांदा वाढवायची फी 5000 रुपये झाली, ग्रीन टॅक्स वेगळा. हे सगळं कागदावर मांडल्यावरसुद्धा लाखभर वाचत असतील तर पुढे जा. तीस-चाळीस हजारच वाचत असतील तर आपल्याच जिल्ह्यात बघा, निदान विकणाऱ्याचं घर तरी माहीत राहतं.

आणि ते बारा महिन्यांचं एकदा नीट समजून घ्या. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो, हे मोटार वाहन कायद्याचं कलम 47. याचा अर्थ लोक असा काढतात की वर्षभर तसंच फिरायचं. पण गाडी विकत घेतल्यावर नाव चढवायचा अर्ज 30 दिवसात करायचा असतो, ती गोष्ट निराळी आहे आणि त्याला बारा महिने नाहीत.

कागद

विकणाऱ्याकडून फोटो मागायच्या आधी गाडीचा नंबर मागा. नंबर झाकून फोटो टाकणारे खूप आहेत, नंबर द्यायला जो कां-कूं करतो तो आमच्या दृष्टीने तिथेच संपला. नंबर मिळाला की एमपरिवहन अॅपवर टाका, मालक कितवा, रजिस्ट्रेशनची तारीख, फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स, बँकेचा बोजा आहे का, एवढं कळतं. बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म 35 पाहिजे. राज्य बदलायला फॉर्म 28, मालक बदलायला 29 आणि 30. चलन थकलेली असतील तर एनओसी अडकते, ती विकणाऱ्याने आधी भरायची, "किमतीत वळती करून घेऊ" हे ऐकायचं नाही. नुसत्या सह्या मारलेल्या कोऱ्या फॉर्मवर गाडी घेऊ नका, मधे तीन हात झालेले असतात आणि आरसीवरचा माणूस फोन उचलत नाही. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलेलं पाहिजे आणि टाकीची दर तीन वर्षांची टेस्ट झालेली पाहिजे.

एक गंमत सांगतो, इन्शुरन्सची पॉलिसी नीट बघा, त्यात एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याची सवलत) नावाची टक्केवारी असते. क्लेम केला नाही तर ती 20, 25, 35, 45 करत 50 पर्यंत चढते. नऊ वर्षांची फर्स्ट ओनर गाडी, "एक खरोंच नाही सर", आणि एनसीबी शून्य किंवा 20? मग मागच्या एक-दोन वर्षात काहीतरी क्लेम झालेला असू शकतो, सरळ विचारा. कधीकधी कारण साधं असतं, पॉलिसी मधे बंद पडलेली किंवा नुसती थर्ड पार्टी घेतलेली, पण उत्तर देताना माणूस अडखळतो का ते ऐका.

व्हिडिओ कॉल

रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको, लाइव्ह पाहिजे, सकाळी, गाडी रात्रभर बंद असताना. आधीच गरम करून ठेवली असेल तर टेम्परेचरचा काटा सांगतो. चावी फिरवल्यावर (स्टार्ट न करता) एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदात विझला पाहिजे, लागलाच नाही तर कुणीतरी तो काढलाय, म्हणजे एअरबॅग एकदा उघडल्या असतील. स्टार्ट झाल्यावर सायलेन्सर दाखवायला सांगा, निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलचं झाकण काढून वाफ फकाफका बाहेर येते का बघा. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. मीटर 38 हजार दाखवतंय आणि टायरचा तिसरा सेट चालूय, क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटर मागे केलंय, कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी मागवा, तिथे प्रत्येक वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं.

पाण्यात गेलेली गाडी मात्र कॅमेऱ्यात कळत नाही. आमच्यातल्याच एकाने, हा धंदा सुरू करायच्या आधी, 2016 मध्ये चेन्नईहून एक डिझेल हॅचबॅक मागवली, एजंटच्या भरवशावर. डिसेंबर 2015 चा पूर होऊन तेव्हा काही महिनेच झालेले, पण हे डोक्यातच आलं नाही. आतून नवीन सीट कव्हर, छान वास. पावसाळ्यात काचा आपोआप खाली जायला लागल्या, मग सेंट्रल लॉक, मग गाडी चालू होईना. वायरिंगवाल्याने सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढला तर आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ. तेव्हापासून आमचा माणूस कुठल्याही गाडीत बसला की पहिल्यांदा बेल्ट ओढतो, मग सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेत का बघतो, मग डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात घालतो.

आम्ही काय बघतो

जे व्हिडिओवर होत नाही ते. पेंटची जाडी मोजतो, पिलर (छताचे खांब) आणि एप्रनवर (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) वेल्डिंग आहे का बघतो, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतो आणि आरसीशी जुळवतो, स्कॅनर लावतो, गाडी उचलून खालून बघतो, आणि किमान दहा-बारा किलोमीटर स्वतः चालवतो. रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, फोटोसकट, मराठीत. "घ्या" किंवा "घेऊ नका" असं एका वाक्यात लिहितो, गोलमाल नाही. फी आधी ठरते आणि आम्ही "नको" म्हटलं तरी तेवढीच राहते, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नंतर वाद होतात. आम्ही गॅरंटी देत नाही, गिअरबॉक्स आतून कुणालाच दिसत नाही.

पैसे देताना

पैसे ज्याचं नाव आरसीवर आहे त्याच्याच खात्यात, किंवा डीलर असेल तर त्याच्या फर्मच्या खात्यात बिल घेऊन, "भावाच्या खात्यावर टाका" हे नाही. दोन लाख किंवा त्यावर रोख चालत नाही, कायद्यानेच. "मी मिलिटरीत आहे, बदली झालीय, गाडी कॅन्टोन्मेंटमध्ये उभीय, फक्त गेटपास आणि ट्रान्सपोर्टचे पैसे आधी टाका" हा माणूस तुम्हालाही भेटेलच, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, गाडी मात्र कधीच नसते. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा, जितका उशीर तितके परत यायची शक्यता कमी.

आणताना

दिल्ली ते पुणे साधारण 1400 किलोमीटर. जुनी गाडी न तपासता पहिल्याच दिवशी एवढी हाणू नका, बेल्ट, कूलंट, टायर बघून मग निघा, नायतर कॅरियरवर टाका. विकणाऱ्याचा फास्टॅग काढून स्वतःचा घ्या. इन्शुरन्स नावावर करायचा अर्ज 14 दिवसात द्यायचा, आणि त्याचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, प्रीमियम थोडा जास्तच येईल.

गाडी तपासायची असेल तर ज्या व्हॉट्सअॅपवरून हे पत्रक आलं त्यावरच गाडीचा नंबर, आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो, पॉलिसी आणि विकणारा किती सांगतोय तेवढं पाठवा. कागद बघायचे पैसे नाहीत, आणि बऱ्याचदा तिथेच निकाल लागतो. रविवारी पाठवलंत तर सोमवारी दुपारपर्यंत थांबा, फोनवर फोन करू नका.