कन्झ्युमेबल की डेड स्टॉक? बडोद्यातल्या विद्यार्थी क्लबांच्या इलेक्ट्रॉनिक्स खरेदीची पार्श्वभूमी

दरवर्षी ऑगस्टमध्ये रोबो बनवणाऱ्या विद्यार्थी क्लबांचे खरेदीचे प्रस्ताव लेखा विभागाकडे गेले की आठवड्याभरात एकच शेरा मारून परत येतात: ‘वस्तूंचे वर्गीकरण स्पष्ट करावे.’ वीस कंट्रोलर बोर्ड, तीस मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारी छोटी सर्किटे), चाळीस सेन्सर यांची नोंद कुठल्या रजिस्टरला करायची, वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या (कन्झ्युमेबल) की टिकणाऱ्या मालमत्तेच्या (डेड स्टॉक), एवढाच प्रश्न असतो. त्यावर दोन-दोन महिने जातात आणि क्लबाचे सत्र सरते. नव्या मुलांना हा लेखा विभागाचा आडमुठेपणा वाटतो. तो काही प्रमाणात आहेही, पण या भांडणाला इतिहास आहे.

फार मागे जायचे तर सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, कलाभवन निघाले. हाताने काम करून शिकायचे, हा त्याचा पायाच होता. रंगाई आणि यंत्रकामाच्या शाळेत सामानाचे दोन ढीग आपोआप पडतात. रंग, रसायने, पत्रा हे संपणारे आणि लेथ, भट्टी, वजनकाटा हे टिकणारे. १९४९ मध्ये विद्यापीठ झाले, कलाभवन त्याचा भाग झाले, आणि हीच वाटणी प्रयोगशाळांत आली. ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, ट्रेनर किट टिकणाऱ्यांत. रेझिस्टर, कपॅसिटर, सोल्डर संपणाऱ्यांत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला संस्था पैसे देत नसे, त्यामुळे वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे घरचे पैसे. रात्रीच्या गाडीने मुंबई सेंट्रलला उतरायचे, चालत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड गाठायचा, यादीवर खुणा करत दुकाने पालथी घालायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. कच्च्या पावतीवरचा तो माल कुणाच्याच रजिस्टरला लागत नसे.

क्लबांना आजचे रूप आले ते २००२ नंतर. त्या वर्षी आशिया-पॅसिफिक पातळीवर रोबोकॉन ही रोबो बनवण्याची स्पर्धा सुरू झाली आणि देशभरच्या महाविद्यालयांत संघ उभे राहू लागले. पंधरा-वीस मुले, सहा-आठ महिने चालणारे काम, आणि मुलांच्या खिशात न बसणारा खर्च. मग संस्थेकडे हात पसरणे आले. त्याच्या जोडीला मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत. ट्रान्स्फॉर्मर आणि स्विचगिअर हे या शहराचे बळ, त्यामुळे मदत बहुधा वस्तुरूपात मिळे: ॲल्युमिनियमचे सेक्शन, लेझर कटिंग, रिले, कॉन्टॅक्टर, तांब्याची तार. ही मदत हिशोबात यायची नाही. तिची किंमत अंदाजपत्रकात ‘वस्तुरूप साहाय्य’ म्हणून दाखवण्याची शिस्त आजही थोड्याच क्लबांना आहे, आणि ती नसल्यामुळे पुढच्या वर्षीची मागणी उगाच फुगलेली दिसते.

२०१३ च्या कंपनी कायद्यानंतर ‘सीएसआर मागू या’, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या सक्तीच्या खर्चातून पैसे मागू या, ही टूम निघाली. त्यात गल्लत अशी की कलम १३५ सगळ्या कंपन्यांना लागू नाही. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीलाच सरासरी नफ्याच्या २ टक्के इतका तो खर्च करावा लागतो. मकरपुऱ्यातल्या बहुतेक छोट्या कारखान्यांना यातली प्रत्येक मर्यादा दूरच आहे. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून कंपनीच्या वतीने काम राबवणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी लागते, जी क्लबाची असू शकत नाही. छोट्या उद्योजकाकडे सरळ प्रायोजकत्व मागावे, नाहीतर सामान. सीएसआरचे पत्र घेऊन गेले की तो बिचारा आपल्या सीएला फोन लावतो आणि विषय तिथेच संपतो.

आता मुख्य गुंता. ८०५१ या जुन्या कंट्रोलर चिपच्या काळात वर्गीकरण सोपे होते: चिप संपणारी, तिच्यात प्रोग्रॅम भरणारे यंत्र, म्हणजे प्रोग्रॅमर, टिकणारा. चिप सर्किटमध्ये सोल्डर व्हायची, प्रोग्रॅमर कपाटात राहायचा. २०१० मध्ये आर्डुइनो ऊनो हा तयार कंट्रोलर बोर्ड आला आणि ही रेघ पुसली. एकाच बोर्डावर चिपही आणि प्रोग्रॅमिंगची सोयही. यूएसबीचे सॉकेट, छापील नाव, डबा, आणि अस्सल बोर्डाची किंमत हजाराच्या वर. भांडारपालाच्या नजरेला ते उपकरण दिसले, आणि त्याने ते डेड स्टॉकला घेतले. नियमाकडे पाहता त्याची चूक म्हणता येत नाही.

परिणाम मात्र लांबवर झाले. डेड स्टॉकच्या वस्तूला क्रमांक घालावा लागतो. बोर्डाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइल पेंटने विभाग, वर्ष, अनुक्रमांक; जागा अपुरी म्हणून पेंट पिनांच्या सोल्डरवर आलेला, आणि मग मल्टिमीटरचे टोक तिथे लागतच नाही. त्याहून वाईट म्हणजे क्रमांकित वस्तू वर्षअखेर जशीच्या तशी परत करायची असते, म्हणजे ती सोल्डर करता येत नाही. जळली तर निर्लेखनाचा, म्हणजे खात्यातून काढून टाकण्याचा, प्रस्ताव, समिती, बैठक. त्यामुळे बोर्ड कपाटात सुरक्षित राहिले आणि मुलांनी पदरमोड करून क्लोन, म्हणजे त्यांच्या स्वस्त नकला, घेतले. क्लबाच्या सामानावर जे बनले ते सगळे सुटे करता येईल असे बनले, म्हणजे पिनांत नुसत्या खोचायच्या जंपर वायरींवर. जंपर वायरीचे मादी टोक दहा-वीस वेळा काढघाल केल्यावर सैल होते, रोबो हादरला की संपर्क तुटतो, आणि मैदानावर ‘कोडमध्ये बग आहे’ म्हणून तासभर शोध चालतो. स्पर्धांत हरण्याची अर्धी कारणे प्रोग्रॅममध्ये नसून या नोंदवहीत सापडतील.

लेखा विभागाची बाजू हलकी नाही. तीस बोर्ड कन्झ्युमेबल म्हणून खर्ची टाकले आणि पुढच्या ऑगस्टला पुन्हा तीस मागितले, तर मागचे गेले कुठे हा प्रश्न रास्तच आहे. ऑडिटचा आक्षेप विद्यार्थ्यावर येत नाही. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातो. आक्षेप भांडारपालाच्या नावावर राहतो आणि निवृत्तीच्या वेळी ना-देय दाखल्याला अडतो. हे लक्षात न घेता त्याच्याशी वाद घालणारे क्लब हरतात.

केंद्राच्या वित्तीय नियमांत टिकाऊ मालमत्ता आणि उपभोग्य वस्तू यांचे हिशोब वेगळे ठेवायला सांगितले आहे; रसायने, स्टेशनरी, देखभालीचे सुटे भाग हे उपभोग्य. राज्याच्या आणि खासगी संस्थांना ते थेट बंधनकारक नाहीत, पण अनेकांच्या स्थानिक नियमांचा साचा तोच असतो. बहुतेक ठिकाणी मग किमतीची रेघ ओढली गेली: अमुक रुपयांवरचे ते डेड स्टॉक. काही मोठ्या संस्थांनी ‘मर्यादित आयुष्याची वस्तू’ असा तिसरा वर्ग काढला, जो ठरावीक वर्षांनी आपोआप खात्यातून उतरतो. किमतीची रेघ हा उपाय सोयीचा, पण चुकीचा आहे. तीनशे रुपयांचा मल्टिमीटर दहा वर्षे टिकू शकतो आणि दोन हजारांचा मोटर ड्रायव्हर पहिल्या उलट्या बॅटरीला जातो. वस्तू सर्किटमध्ये कायमची बसणार की नाही, ही कसोटी जास्त प्रामाणिक.

ही कसोटी प्रस्तावातच वापरावी. पहिल्या तक्त्यात सोल्डरिंग स्टेशन, मल्टिमीटर, बेंच सप्लाय: डेड स्टॉक, कबूल. दुसऱ्यात बोर्ड आणि मॉड्यूल: कन्झ्युमेबल, पण सोबत इश्यू रजिस्टर, ज्यात गटाचे नाव, तारीख, सही आणि शेवटी ‘बसवले / जळले / परत’ असा रकाना. तिसऱ्यात सोल्डर, फ्लक्स, वायर, कनेक्टर, पीसीबी. कोटेशन मागतानाच ‘इलेक्ट्रॉनिक सुटे भाग व मॉड्यूल’ असे लिहून घ्यावे. दुकानदाराने बिलावर ‘रोबोटिक्स किट’ लिहिले की ते डेड स्टॉकला गेलेच समजा. इश्यू रजिस्टर दाखवल्यावर भांडारपालाचा विरोध पुष्कळ मावळतो, कारण त्याला हवे असते ते उत्तर त्यात असते.

२०१७ ने दोन गोष्टी बदलल्या. जुलैपासून जीएसटी आला. बहुतेक सुट्या भागांवर १८ टक्के. संस्थेच्या नावाचे आणि जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल नसेल तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून लॅमिंग्टन रोडची कच्ची पावती इतिहासजमा झाली आणि खरेदी ऑनलाइन विक्रेत्यांकडे सरकली. त्याच वर्षी गुजरात सरकारने विद्यार्थ्यांच्या नवउद्योगांसाठी धोरण आणले. एका प्रकल्पाच्या प्राथमिक नमुन्याला २ लाखांपर्यंत मदत, २०२२ च्या दुसऱ्या टप्प्यात २.५ लाखांपर्यंत. पैसा आला, पण तो प्रकल्पाला, क्लबाला नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना सोल्डरिंग शिकवणे हा काही नवउद्योग नव्हे. तरीही साध्या शिकाऊ कामाला ‘स्टार्टअप’चा मुलामा देऊन अर्ज करणे सुरू झाले, आणि शिकण्यासाठी चार बोर्ड जाळायची मुभा देणारा पैसा मात्र पूर्वीइतकाच तुटपुंजा राहिला.

मग २०२० ते २०२२ चा चिपांचा दुष्काळ. एटमेगा आणि एसटीएम३२ घराण्यातल्या चिपा मिळेनात, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक-बोर्ड दुप्पट भावाला. कोटेशनची मुदत ३० दिवस, मंजुरीला ६०. मंजुरी येईतो पुरवठादार हात वर करायचा. पर्यायी भाग घ्यायचा तर फाइल पुन्हा फिरवा. तेव्हापासून जाणते क्लब भागाच्या नावापुढे ‘अथवा समतुल्य’ लिहितात आणि समतुल्य म्हणजे काय तेही एका ओळीत सांगतात: व्होल्टेज, करंट, पिनांची संख्या. याच काळात पुष्कळांनी ४ डॉलरचा पिको आणि ईएसपी३२ हे कंट्रोलर बोर्ड धरले. हे दोन्ही ३.३ व्होल्टचे, आणि जुना साठा ५ व्होल्टचा. अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा ५ व्होल्ट देणारा इको पिन थेट जोडून कंट्रोलरचे पिन मारण्याचे प्रकार तेव्हापासूनचे. १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा, व्होल्टेज उतरवणारा डिव्हायडर घातला की काम भागते. खर्च दोन रुपयेसुद्धा नाही.

सध्याचे प्रस्ताव कसे दिसतात ते एका नमुन्यावरून कळेल. पहिल्या वर्षाचे वीस गट, प्रत्येकी एक लाइन फॉलोअर, म्हणजे काळ्या पट्टीमागे चालणारा रोबो. आजच्या ढोबळ भावाने एका रोबोचे असे: आर्डुइनो नॅनोचा क्लोन २५०, टीबी६६१२ मोटर ड्रायव्हर १५०, दोन बीओ (छोट्या गिअरच्या) मोटर १४०, चाके ५०, चासी १५०, पाच डोळ्यांचा आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर २५०, दोन १८६५० लिथियम सेल होल्डरसह ३४०, कॅस्टर ३०, स्विच-टर्मिनल-परफबोर्ड ८०. मिळून १,४४०, वीस गटांचे २८,८००. राखीव साठा वेगळा: कंट्रोलर चार, सेन्सर चार, मोटर दहा आणि ड्रायव्हर तब्बल दहा. त्याचे ४,२००. जीएसटी धरून सुमारे ३९,०००. केंद्राच्या २०१७ च्या मूळ नियमांत विनाकोटेशन खरेदीची मर्यादा २५ हजार होती, त्यापुढे अडीच लाखांपर्यंत तिघांची स्थानिक खरेदी समिती. हेच आकडे उचललेल्या संस्थांत ही फाइल समितीकडे जाणार. ती टाळायला मागणीचे दोन तुकडे करण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो नियमांनी स्पष्ट निषिद्ध केला आहे आणि ऑडिटरला तो पहिल्या नजरेत दिसतो.

ड्रायव्हर निम्मे जास्त का, हे समितीत हमखास विचारतात. उत्तर असे की सेल उलटे बसले किंवा तारा उलट्या लागल्या की पहिला तोच जातो. फ्यूज आणि एकाच बाजूने बसणारा कनेक्टर घातला तर दहाचे पाच करता येतील. जुन्या एल२९८एन ड्रायव्हरवर भागवावे अशी सूचना येते. त्यात सुमारे २ व्होल्ट वाया जातात आणि उष्णता होते. टीबी६६१२ मध्ये तो घाटा अगदी कमी, म्हणून भरलेल्या दोन सेलांचे ८.४ व्होल्ट जवळपास पूर्ण मोटरला पोचतात. बीओ मोटर ६ व्होल्टची, तेव्हा प्रोग्रॅममध्ये पीडब्ल्यूएम (मोटरला द्यायच्या विजेचे प्रमाण) ७० टक्क्यांवर अडवावा. सेल नकोत, चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घ्या, ती स्वस्त, असेही कुणीतरी म्हणतेच. तिचा अंतर्गत रोध इतका की मोटर सुरू होताना व्होल्टेज कोसळते आणि कंट्रोलर रीसेट होतो.

ट्रॅकसाठी चकाकते फ्लेक्स छापून घेऊ नये. त्याची चमक काळ्या पट्टीवरूनही आयआर परत पाठवते. मॅट घ्यावे, आणि सेन्सरची संवेदनशीलता ठरवणारे प्रीसेट ज्या हॉलमध्ये स्पर्धा आहे तिथेच, त्याच वेळी लावावेत. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन आले की सकाळचे कॅलिब्रेशन कामाचे राहत नाही.

वेळापत्रक ३१ मार्चपासून उलटे मोजतात. बिले फेब्रुवारीअखेर लागली नाहीत तर रक्कम परत जाते. तसलमात (आगाऊ रक्कम) घेतली असेल तर तिचा हिशोब आधी मिटवावा लागतो, नाहीतर पुढची मिळत नाही. लिथियम सेल बहुधा हवाई मार्गाने येत नाहीत, रस्त्याने यायला आठवडा-दहा दिवस धरावेत आणि त्यांची ऑर्डर बाकी सामानाच्या आधी द्यावी. म्हणजे वर्गीकरणाचा शेरा सप्टेंबरमध्ये सुटला तर ऑक्टोबरमध्ये समिती, दिवाळीनंतर माल, आणि बांधणीला डिसेंबर-जानेवारी. तो नोव्हेंबरपर्यंत लांबला की सामान परीक्षेच्या तोंडावर येते आणि सीलबंद खोके पुढच्या तुकडीच्या नावाने कपाटात जातात.