घरच्या घरी सावरडो: विरजणाच्या बरणीसोबतचे माहितीपत्रक

सावरडो म्हणजे यीस्टच्या पुडीऐवजी विरजणाने आंबवलेला, किंचित आंबट पाव. आमच्या गिरणीतून आपण नेलेल्या बरणीत त्यासाठीचे ५० ग्रॅम विरजण आहे. पाककृतींत ज्याला 'स्टार्टर' म्हणतात ते हेच. त्यात पीठ आणि पाणी यांखेरीज काहीही घातलेले नाही. दह्याच्या विरजणाशी त्याचे नाते केवळ नावापुरते नाही, कारण यातही लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात आणि त्यांच्या जोडीला पिठातूनच आलेले रानटी यीस्ट असते. पाव फुगतो तो मुख्यतः यीस्टमुळे, आंबट होतो तो जिवाणूंमुळे. (गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पावाचे पीठ माडाच्या सुरेने आंबवत, त्यामुळे यीस्टच्या पुडीवाचून होणारा पाव आपल्याकडे अगदीच नवा नाही.)

घरी गेल्यावर बरणीत ५० ग्रॅम मैदा व ५० ग्रॅम पाणी मिसळावे, मिश्रणाच्या पातळीवर बाहेरून रबरबँड लावावा आणि झाकण सैल ठेवावे. मिश्रण दुप्पट वर चढले आणि त्यातला चमचाभर गोळा पाण्यावर तरंगला, की विरजण तयार झाले असे समजावे. त्याचा वास ताकासारखा आंबूस असतो. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा उग्र वास आला, तर ते उपाशी आहे, म्हणून लगेच पीठ-पाणी द्यावे. मात्र गुलाबी वा केशरी छटा किंवा बुरशी दिसल्यास सगळेच टाकून द्यावे.

पहिल्या पावासाठी ४०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, ३४० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम विरजण आणि १० ग्रॅम मीठ घ्यावे, आणि हे सारे वाटीने न मोजता काट्यावर तोलावे. निव्वळ कणकेचा पाव बसका होतो, कारण चक्कीची कणीक पाणी जास्त पिते आणि तिच्यातला कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनांचे, जाळे तोडतो. खपली गहू आम्ही विकतो, तरीही शिकताना तो घेऊ नये असेच सांगतो. त्याचे ग्लुटेन फार दुबळे असते.

सर्वाधिक चुका होतात त्या पीठ आंबण्याच्या वेळेच्या बाबतीत, कारण उष्म्यात ते लवकर आंबते. बहुतेक परदेशी पाककृती २४ ते २६ अंश सेल्सिअसचे स्वयंपाकघर गृहीत धरतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ते ३४ अंशांवर जाते. अशाच एका मे महिन्यात आम्ही स्वतः पाककृतीतल्या पाच तासांवर विसंबलो आणि परातीत कणकेचा गोळा राहण्याऐवजी भज्यांच्या पिठासारखा रबडा झाला. त्याची शेवटी धिरडी करावी लागली. म्हणून उन्हाळ्यात विरजण निम्मे घ्यावे, पाणी फ्रिजमधले वापरावे आणि घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. परातीत वाढ कळत नाही. त्यासाठी मळलेले पीठ उभ्या डब्यात ठेवावे, पहिल्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने कडा ओढून घडी घालावी, आणि पीठ मूळ उंचीच्या दीडपट होऊन डबा हलवताच थुलथुलले की बाहेर काढावे.

गोळा वळून, तांदळाचे पीठ भुरभुरलेले कापड अंथरलेल्या रोवळीत घालावा आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी बिडाचे झाकणाचे भांडे ओव्हनमध्ये २३० अंशांवर अर्धा तास तापवून, गोळ्यावर ब्लेडने एक खोल तिरकी चीर देऊन त्यात सोडावा. पहिली २० मिनिटे झाकण ठेवावे, म्हणजे आतल्या वाफेने साल लवकर कडक न होता पाव फुगतो. नंतर झाकण काढून आणखी २० ते २५ मिनिटे गडद तांबूस होईपर्यंत भाजावे. निदान तासभर थंड झाल्याशिवाय कापू नये, नाहीतर आतला भाग चिकट लागतो.

पीठ मळण्यापूर्वी बरणीत थोडे विरजण राखून ठेवावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि आठवड्यातून एकदा पीठ-पाणी द्यावे. तरीही ते मेलेच, तर रिकामी बरणी धुऊन घेऊन यावी. आम्ही ती विनामूल्य भरून देतो.