नाताळचे पिक्चर टीव्हीवर आले कुठून?

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ इथे अमेरिकेत दर नाताळला टीव्हीवर लागतो, आणि बघणाऱ्या बहुतेकांना वाटतं की हा पिक्चर पहिल्यापासूनच सगळ्यांचा लाडका असणार. पण तसं अजिबात नाहीये. १९४६ च्या डिसेंबरात तो आला तेव्हा तो थिएटरांत आणणाऱ्या आरकेओ कंपनीला त्यात सव्वापाच लाख डॉलरचा तोटा झाला होता.

त्याच्या गोष्टीचा जन्म तर मला फारच आवडतो. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न नावाच्या लेखकाची ही कथा कुणी छापायलाच तयार नव्हतं, मग त्याने १९४३ च्या नाताळला स्वतःच २०० प्रती छापल्या आणि ग्रीटिंग कार्ड पाठवतात तशा ओळखीच्या लोकांना पाठवून दिल्या, त्यावरून गोष्ट हॉलीवूडपर्यंत पोचली आणि शेवटी फ्रँक काप्राने त्यावर पिक्चर काढला.

आता टीव्हीचं. अमेरिकेत तेव्हा कॉपीराइट २८ वर्षांचा असायचा आणि पुढे हवा असेल तर अर्ज करून वाढवून घ्यावा लागायचा. १९७४ मध्ये या पिक्चरचा तो अर्ज करायचाच राहून गेला. झालं, पिक्चर फुकट झाला! गावोगावच्या छोट्या टीव्ही स्टेशनांना डिसेंबरात वेळ भरून काढायला असं काहीतरी हवंच होतं, त्यांनी तो लावायला सुरुवात केली, एका स्टेशनवर संपला की दुसऱ्यावर सुरू, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. एक अख्खी पिढी तो बघत मोठी झाली. माझं तर स्पष्ट मत आहे की हा पिक्चर क्लासिक झाला तो या राहून गेलेल्या अर्जामुळे.

मग १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, तो होता ‘रिअर विंडो’ या वेगळ्याच पिक्चरबद्दल (योगायोग बघा, दोन्हींचा हिरो जेम्स स्टुअर्टच), की पिक्चर ज्या कथेवर बेतलाय तिच्या हक्कांनाही किंमत आहे. त्याच्या आधारावर १९९३ मध्ये रिपब्लिक पिक्चर्सने सांगितलं की पिक्चर मोकळा असेल पण कथा आणि संगीत आमचं आहे. तेव्हापासून फुकट लावणं बंद, आणि १९९४ पासून तो एनबीसी चॅनेलवर वर्षातून एकदोनदाच लागतो.

नाताळचा पिक्चर टीव्हीवर लावायची दुसरी पद्धत १९९७ ची. टीएनटी चॅनेलने ‘अ ख्रिसमस स्टोरी’ सलग २४ तास लावला, म्हणजे तोच पिक्चर लागोपाठ बारा वेळा. ऐकायला विचित्र वाटतं, पण सणाच्या घरात हेच सोयीचं पडतं, कारण ओव्हनमध्ये काहीतरी भाजतंय, पाहुणे येतायत, गिफ्टं बांधायची राहिलीयत, सलग दोन तास बसणार कोण? येता जाता वीस मिनिटं बघायची, राहिलेला भाग परत येतोच. माझी आई दिवाळीत करंज्या लाटताना असाच पिक्चर बघायची, निम्मा कानांनीच, कारण डायलॉग सगळे पाठ.

आणि मग हॉलमार्क. ही मुळात ग्रीटिंग कार्डांची कंपनी. १९५१ च्या २४ डिसेंबरला एनबीसीवर नाताळचा एक खास ऑपेरा दाखवला गेला, तोही यांनीच स्पॉन्सर केलेला. २००९ पासून त्यांच्या चॅनेलवर ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ नावाने नाताळच्या पिक्चरांची रांगच सुरू झाली, २०१९ साली तर त्यांनी ४० नवे पिक्चर आणले. यातले बरेचसे कॅनडात शूट होतात, कितीतरी वेळा भर उन्हाळ्यात, अंगावर जाड कोट आणि खोटा बर्फ. त्यावरून त्यांना नावं ठेवणारे खूप आहेत, पण काप्रानेही १९४६ च्या उन्हाळ्यात खोट्या बर्फातच शूटिंग केलं होतं. आधी पिक्चरमध्ये बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे, त्यावर चाललं की कुरकुर आवाज व्हायचा, म्हणून त्याच्या टीमने आग विझवायचा फेस आणि साबणाचं पाणी वापरून बिनआवाजाचा बर्फ बनवला. ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने त्याला तांत्रिक पुरस्कारही दिला.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ आम्ही २४ तारखेच्या रात्री एनबीसीवरच बघतो. जाहिरातींसकट तीन तास जातात. जाहिरात लागली की कुणी चहा टाकतं, कुणी राहिलेली गिफ्टं बांधतं, आणि तो शेवटचा सीन आला की सगळे हातातलं ठेवून टीव्हीसमोर येऊन बसतात.