हार्डडिस्क दिसत नाही, पण कोणाला?

‘हार्डडिस्क डिटेक्ट होत नाही’ ही तक्रार दुरुस्तीच्या दुकानात रोज येते आणि तिचं ठरलेलं उत्तरही तयार असतं: ‘फॉरमॅट मारून देतो.’ या दोन वाक्यांच्या मध्ये एक प्रश्न विचारायचा राहून जातो आणि त्यापायी लोकांचे फोटो, दुकानाचे हिशेब, कुणाचा प्रबंध कायमचा जातो. डिस्क दिसत नाही हे खरं, पण कोणाला? मदरबोर्डवरच्या बायोसला, विंडोजला, की डिस्क तिथे आहे आणि फक्त तिच्यातल्या फायली उघडत नाहीत? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांवर फॉरमॅट हा इलाज आहे.

कॉम्प्युटर सुरू होताना एक गमतीदार पेच उभा राहतो. विंडोज असतं हार्डडिस्कवर आणि हार्डडिस्कवरच्या फायली वाचायची विद्या असते विंडोजमध्ये. मग पहिली फाइल वाचणार कोण? हा पेच बायोस सोडवतो. तो मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायम बसलेला छोटा प्रोग्राम असतो. त्याला फायली, फोल्डर काही कळत नाही. पीसीवर रूढ झालेल्या जुन्या पद्धतीनुसार तो डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलून मेमरीत ठेवतो, शेवटचे दोन बाइट ‘५५’ आणि ‘एए’ आहेत का बघतो आणि खूण जुळली की सूत्रं त्या ५१२ बाइटांच्या हाती देतो.

त्या इवल्याशा जागेची वाटणी बघण्यासारखी आहे. ४४६ बाइट पुढचा प्रोग्राम शोधून आणणाऱ्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या, नोंदींना, उरलेले २ त्या खुणेला. एका नोंदीला १६ बाइट, म्हणून मूळ पार्टिशन चारच. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहायचा, म्हणून मोजदाद सुमारे ४२९ कोटी सेक्टरांवर थांबते. गुणिले ५१२ केलं की २.२ लाख कोटी बाइट, म्हणजे ढोबळ मानाने २ टीबी. नवीन ४ टीबीची डिस्क जुन्या पद्धतीने मांडली तर अर्धीच वापरता येते, त्याचं कारण हे. डिस्कमध्ये काहीही बिघाड नसतो.

या ६४ बाइटांना मी डिस्कचा सातबारा म्हणेन. तो फाटला म्हणून जमीन कुठे जात नाही, पण कोणती पट्टी कुणाची आणि कुठून कुठपर्यंत, हे सांगता येत नाही. ‘डिस्क रिकामी दिसते’ म्हणून आलेल्या बऱ्याच डिस्कांचं दुखणं एवढंच असतं.

गेल्या दशकभरातल्या बहुतेक मशीनमध्ये बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. त्याला थोडं जास्त कळतं: तो फॅट या जुन्या, साध्या पद्धतीने फायली मांडलेलं पार्टिशन वाचू शकतो आणि त्यातली ठरावीक नावाची बूट फाइल शोधतो. सोबत आलेल्या जीपीटी पद्धतीत पार्टिशनच्या नोंदींची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. सुरुवातीचा भाग खराब झाला तरी शेवटच्या प्रतीवरून नोंदी परत उभ्या करता येतात.

एवढं कळलं की बूटेबल डिस्क म्हणजे काय हेही कळतं. इन्स्टॉलेशन सीडीवरच्या सगळ्या फायली दुसऱ्या सीडीवर जशाच्या तशा कॉपी केल्या तरी ती सीडी बूट होत नाही, कारण बूट होण्यासाठी लागणारी नोंद फायलींच्या यादीत नसतेच. सीडीवर २,०४८ बाइटांचे सेक्टर असतात. पहिले सोळा मोकळे सोडलेले, त्यापुढे सीडीची ओळख आणि सतरा क्रमांकाच्या सेक्टरमध्ये बूट करायचा प्रोग्राम कुठे आहे याचा पत्ता. फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ठरवलेलं हे मानक ‘एल टोरिटो’ या नावाने ओळखलं जातं. आयएसओ फाइलमध्ये सीडीचा हा सगळा नकाशा सेक्टरनिहाय असतो. म्हणून ती फाइल सीडीवर नुसती टाकायची नसते, ‘इमेज’ म्हणून बर्न करायची असते.

आणि ते मोकळे सोडलेले सोळा सेक्टर? तिथे एकूण ३२ केबी जागा आहे. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी तिचा फार सुरेख उपयोग केला. त्या जागेत त्यांनी हार्डडिस्कसारखा ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर बसवला. सीडी ड्राइव्ह त्या जागेकडे बघतच नाही आणि पेनड्राइव्हवरून बूट करताना बायोस नेमका तिथेच बघतो. एकच आयएसओ सीडीवरही चालते आणि पेनड्राइव्हवरही. दुसऱ्याच्या मानकाला धक्का न लावता त्यातल्या रिकाम्या जागेत आपलं काम बसवणं, ही मला संगणकशास्त्रातली सर्वांत देखणी कारागिरी वाटते.

विंडोजच्या आयएसओमध्ये ही सोय नसते. ती जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवली तर बहुधा बूट होत नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस हे प्रोग्राम लागतात ते त्यासाठी. इथे आणखी एक अडचण आहे. यूईएफआयला खात्रीने वाचता येतं ते फॅट, पण फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही आणि विंडोजची मुख्य इन्स्टॉल फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. रूफस अशा वेळी पेनड्राइव्हचे दोन भाग करतो: मोठा एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीचा, आणि शेवटी एक चिमुकला फॅट, ज्यातला प्रोग्राम यूईएफआयला एनटीएफएस वाचायला शिकवतो. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं. ड्राइव्ह निवडताना यादीतला आकार वाचूनच पुढे जा, कारण त्याच यादीत तुमची बॅकअपची डिस्कही असू शकते.

आता मूळ दुखण्याकडे. लिनक्सचा लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा, पेनड्राइव्ह हे निदानाचं माझं आवडतं साधन, कारण तो पेनड्राइव्ह आणि मेमरी यांवरच चालतो आणि तुम्ही सांगितल्याशिवाय आतल्या डिस्कवर सहसा काही लिहीत नाही. एक काळजी मात्र आधी घ्यावी. नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या सांकेतिक कुलुपाने, बंद असू शकते. सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रोग्रामच सुरू होऊ देणारी सेटिंग) वगैरे बदललं की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती हाताशी ठेवा, मगच सेटिंगला हात लावा.

लिनक्सला डिस्क तिच्या मॉडेल क्रमांकासह आणि पूर्ण आकारासह दिसली, तर मोठं संकट टळलं. डिस्कचं इलेक्ट्रॉनिक्स जिवंत आहे, चकत्या फिरताहेत, हेड वाचताहेत. म्हणजे दुखणं बहुधा नोंदींचं आहे. विंडोज अशा वेळी ‘ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा’ किंवा ‘डिस्क इनिशियलाइझ करा’ असं सांगतं. नव्या कोऱ्या डिस्कसाठी हे बरोबर आहे. जुन्या, भरलेल्या डिस्कसाठी तिथे ‘नाही’ म्हणा. क्विक फॉरमॅट फक्त नव्या नोंदी लिहितो, पण विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट त्या सगळ्या पार्टिशनवर शून्यं लिहितो आणि त्यानंतर कुणीही काही परत आणू शकत नाही. टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्राम हरवलेली पार्टिशन शोधून नोंद पुन्हा लिहू शकतो. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवतं, ती त्याला उपयोगी पडते.

बायोसमध्ये डिस्क दिसते पण विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये यादी रिकामी, हा प्रकार इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर सर्रास आढळतो. त्यांत व्हीएमडी नावाची सोय डिस्क आणि विंडोज यांच्या मध्ये उभी असते आणि इन्स्टॉलरजवळ तिचा ड्रायव्हर नसतो. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर उलगडून ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबावं, यादी भरते. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणं सोपं वाटतं, पण त्या मशीनवर आधीचं विंडोज असेल तर ते बहुधा सुरूच होत नाही.

बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घ्यावा. एम.२ एसएसडी, म्हणजे मदरबोर्डच्या खोबणीत बसणारी चपटी, चकत्या नसलेली डिस्क असेल तर ती साटा जोडणीची आहे की एनव्हीएमई या वेगवान जोडणीची आणि खोबणी कोणती चालवते, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघा, कारण दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या. कित्येक बोर्डांवर एम.२ भरली की एखादं साटा पोर्ट आपोआप बंद होतं. नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्डडिस्क गायब झाली, तर केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

केबलवर लोकांचा संशय उशिरा जातो. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांत १९९ क्रमांकाची नोंद डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेवर बिघडलेल्या डेटाची मोजणी ठेवते. ती वाढत असेल आणि ५ व १९७ या नोंदी, म्हणजे बदललेले आणि संशयित सेक्टर, शून्यावर असतील, तर डिस्क बहुधा ठणठणीत आहे. आधी साटा केबल बदला. नोंद १९७ वाढत असेल तर मात्र डिस्क मरायला टेकली आहे. तिच्यावर दुरुस्तीचे प्रोग्राम चालवत बसू नका. जीएनयू डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढा. तो आधी सुखरूप भाग भराभर उचलतो, अडलेल्या जागा एका फाइलमध्ये टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर येतो. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर.

एक दुखणं अगदी फसवं आहे. बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली मोठी डिस्क पीसीत लावली, तर काही वेळा ती फिरतही नाही. साटाच्या पंधरा पिनांच्या वीजजोडणीतल्या तिसऱ्या पिनेवर पूर्वी ३.३ व्होल्ट असत. नव्या मानकात तीच पिन डिस्क बंद करण्याच्या इशाऱ्यासाठी वापरली जाते. जुना एसएमपीएस, म्हणजे पीसीचा वीजपुरवठ्याचा डबा, तिथे ३.३ व्होल्ट देत राहतो आणि डिस्क आज्ञाधारकपणे बंदच राहते. त्या पिनेवर कॅप्टॉन या वीजरोधक टेपची बारीक पट्टी लावली की ती जागी होते.

आणि डिस्क ‘टक्… टक्…’ असा ठरावीक ठेका धरत असेल तर? डिस्कचा स्वतःचा फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, बराचसा तिच्याच चकत्यांवर लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय ती आपलं नाव आणि आकारही नीट सांगू शकत नाही. हेडला तो वाचता येत नाही, म्हणून ते परत परत कडेला जाऊन येतं, तोच हा आवाज. हेड आणि चकती यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर असतं. प्रत्येक फेरीत चकतीवर ओरखडा पडण्याची शक्यता वाढते. फ्रीझरमध्ये ठेवणं, झाकण उघडणं, दुसऱ्या डिस्कचं सर्किट बसवणं, यांतलं काही करू नका. आजच्या डिस्कच्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास मोजमापं असतात, त्यामुळे सरळ अदलाबदल बहुधा चालत नाही. वीज तोडा, डिस्क काढून ठेवा आणि आतली माहिती खरोखर हवी असेल तर धूळमुक्त खोलीत हेड बदलून देणाऱ्यांकडे न्या. तोवर ती एकदाही लावून बघू नका.